सरस्वतीबाईंची पांढरी चादर



मागे एका गटानं आपल्याला विचारलं होतं की सिनेमा बनतो कसा आणि आपल्याकडे तो पहिल्यांदा कुणी बनवला. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शाळेतली पोरंही देतील. दादासाहेब फाळके, 'राजा हरिश्चंद्र', साल १९१३. उत्तर बरोबर आहे. त्याच्या आदल्या वर्षी दादासाहेब तोरण्यांचा 'पुंडलिक' मुंबईत दाखवला गेला होता, पण ते नाटकाचं चित्रण होतं, म्हणून मान फाळक्यांना मिळाला. त्यावर वाद घालणारे घालतात, आपण त्यात पडायला नको.

मला सांगायचंय ते वेगळंच. तो पहिला सिनेमा एका संसारी घरात बनला. आणि घरात बनलेल्या कुठल्याही वस्तूला किती हात लागतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. शेतात राबते ती, खुरपते ती, वेचते ती, आणि सातबारा काढून बघितला तर नाव दुसऱ्याचंच. फाळक्यांच्या घरीही एक बाई होती. त्यांचं नाव सरस्वतीबाई. सिनेमा कसा बनतो हे त्यांच्या कामाच्या मागं मागं गेलं की नीट कळतं, म्हणून आज तसंच जाऊ.

धुंडिराज गोविंद फाळके हे १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले. चित्रकला शिकले, फोटोग्राफी केली, छपाईचा धंदा केला, जादूचे प्रयोगसुद्धा केले. पहिली बायको आणि मूल प्लेगच्या दिवसांत गेलं. १९०२ साली दुसरं लग्न झालं. माहेरच्या करंदीकर सासरी येऊन सरस्वती झाल्या. नावापासूनच नवं सुरू झालं म्हणायचं.

१९१०-११ च्या सुमाराला फाळक्यांनी मुंबईत गिरगावच्या एका तंबूत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा परदेशी सिनेमा पाहिला. तो मूक होता. पडद्यावर येशू हलताबोलताना बघून त्यांच्या डोक्यात आलं की आपले राम-कृष्ण असे का दिसू नयेत? घरी आले आणि पुन्हा बघायला गेले ते बायकोला घेऊन. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पुढं जे काही विकायचं, गहाण टाकायचं होतं, ते कशासाठी हे त्या माउलीनं आधी डोळ्यांनी बघितलं होतं.

त्यानंतर फाळके वेड्यासारखे सिनेमे बघत सुटले. झोप नाही, खाण्याकडे लक्ष नाही. शेवटी डोळ्यांनी दगा दिला, काही काळ दिसेनासं झालं. डॉक्टरांच्या उपचारानं दृष्टी परत आली. मग विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलं आणि १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तिथं काम शिकले, कॅमेरा आणि बाकीची यंत्रं मागवली आणि एप्रिलमध्ये परत आले. इकडे पोराबाळांचं घर कुणी चालवलं असेल, हे चरित्राच्या पुस्तकांत दोन ओळींत संपतं.

परत आल्यावर पैसे हवे होते. सावकाराला कागद दाखवून पैसे मिळत नाहीत, वस्तू दाखवावी लागते. मग फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा समोर एका जागी बसवला. ठरावीक वेळानं एकेक चित्र घ्यायचं, असं महिनाभर केलं. ती चित्रं सलग दाखवली तर मिनिटाभरात कोंब फुटतो, वर येतो, वेल होतो. या छोट्या फिल्मचं नाव 'अंकुराची वाढ'.

सिनेमाची मुख्य जादू यातच आहे, तेव्हा इथं जरा थांबू. सिनेमात काहीही हलत नाही. फिल्मच्या पट्टीवर एकापुढे एक स्थिर फोटो असतात, एकात पाय जमिनीवर, पुढच्यात किंचित उचललेला, त्याच्या पुढच्यात आणखी थोडा. सेकंदाला पंधरासोळा फोटो डोळ्यांपुढून गेले की आपल्याला वाटतं बाई चालली. मूक सिनेमाच्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हातानं फिरवायचे, म्हणून वेग कमीजास्त व्हायचा. पुढं आवाज आल्यावर सेकंदाला चोवीस फोटो ठरले. मोबाइलवर आपण बघतो तेही अशाच स्थिर चित्रांचं पळणं आहे, फक्त पट्टी गेली.

वाटाण्याचा वेल पाहून कर्ज मिळालं. पण ते पुरेना. मग सरस्वतीबाईंचे दागिने गेले. आपल्याकडे दागिना म्हणजे काय, हे बचत गटातल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. अडीअडचणीला तिच्या नावावर म्हणावं असं तेवढंच असतं. भारतातल्या पहिल्या सिनेमात सरस्वतीबाईंचं भांडवल होतं. आजच्या भाषेत त्यांना निर्मात्या म्हणावं लागेल.

आता काम सुरू झालं. दादरला एका बंगल्यात बिऱ्हाडही तिथंच आणि कारखानाही तिथंच.

परदेशातून कच्ची फिल्म यायची, ती कोरी पट्टी असायची. तिच्या दोन्ही कडांना बारीक भोकं पाडावी लागत. यंत्राच्या दातात ती भोकं अडकतात, म्हणून पट्टी सरळ आणि एकाच चालीनं पुढं सरकते. भोकं वाकडी झाली की पडद्यावर चित्र थरथरतं. शिलाई मशीनवर कापड तिरकं गेलं की टीप जशी बिघडते तसंच. भोकं पाडायला यंत्र होतं, पण हे काम करायचं अंधारात, कारण कोऱ्या फिल्मला उजेड लागला की ती वाया. दिवसभराची कामं आटोपली, पोरं झोपली, की सरस्वतीबाई अंधारात बसून हाताच्या अंदाजानं पट्टी यंत्रात सरकवत आणि भोकं पाडत.

हा हिशेब मी करून बघितला. 'राजा हरिश्चंद्र' भरला ३,७०० फूट. एका फुटात सोळा चित्रं बसतात, म्हणजे साठ हजारांच्या आसपास चित्रं झाली. प्रत्येक चित्राला एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला चार भोकं. म्हणजे पावणेपाच लाखांच्या जवळ. चुकलेली, वाया गेलेली, पुन्हा घेतलेली फिल्म यात धरलेलीच नाही.

दिवसा चित्रण. विजेचे मोठे दिवे नव्हते, सगळं सूर्याच्या उजेडावर. पण ऊन वरून आलं की कपाळ चमकतं आणि डोळ्यांखाली, हनुवटीखाली काळी सावली पडते. त्यावर उपाय म्हणजे समोरून पांढरं कापड धरायचं. ऊन कापडावर आपटून चेहऱ्यावर येतं आणि सावली मऊ होते. आजही शूटिंगला हेच करतात, चादरीच्या जागी चंदेरी पत्रे आणि थर्माकोलचे पांढरे तक्ते आले एवढंच. फाळक्यांच्या चित्रणात सरस्वतीबाई पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहत. नट सावलीत जाऊन पाणी पिऊ शकतो, चादर धरणारी हलली की चित्र बिघडतं.

संध्याकाळी फिल्म धुवायची. या धंद्यात 'धुणं' हाच शब्द आहे. रसायनं तोलून, मिसळून, पाण्याचा थंडपणा सांभाळून पट्टी त्यात बुडवायची, हलवायची, मग साध्या पाण्यात खळबळून वाळवायची. रसायनात जास्त राहिली तर काळी, कमी राहिली तर फिकी. तेही सरस्वतीबाई शिकल्या. कॅमेऱ्यातून निघालेली ही फिल्म उलटी असते, गोरं तिथं काळं आणि काळं तिथं गोरं. तिच्यावरून दुसऱ्या फिल्मवर छाप घेतला की सुलटं चित्र मिळतं. तो छापही परत धुवायचाच.

मग जोडकाम. चित्रण कधीच गोष्टीच्या क्रमानं होत नाही. राजवाड्यातले सगळे प्रसंग एकदम उरकतात, जंगलातले नंतर. घरी सगळे तुकडे असतात. ते बघून कुठं कापायचं, कशाला काय जोडायचं हे ठरवतात. एका तुकड्यात बाई घागर घेऊन दारातून बाहेर पडली आणि पुढच्यात विहिरीवर पोहोचली, तर मधला रस्ता आपण मनानं चालतो. मध्ये चार तुकडे जास्त टाकले की बघणारा कंटाळतो, चार कमी टाकले की गोंधळतो. हे जोडकाम पडद्यावर कुणाला दिसत नाही, आणि दिसलं तर ते फसलं असं समजायचं. त्या वेळी फिल्म कात्रीनं कापून, कडेचा थर खरवडून, चिकटवून जोडत. सरस्वतीबाईंनी हेही काम हाताखाली घेतलं. म्हणून त्यांना भारतातली पहिली स्त्री संकलक म्हणणारे लोक आज आहेत.

आणि हे सगळं करून स्वयंपाक. काम करणारी माणसं बिऱ्हाडीच राहायची आणि जेवायची. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक रोजचा. हे सगळं सुमारे सात महिने चाललं. घरच्यांच्या आठवणींतून आणि चरित्रांतून हे आपल्यापर्यंत आलं. नाहीतर स्वयंपाकाची नोंद कोण ठेवतं?

आता पडद्यावरच्या बाईकडे येऊ. हरिश्चंद्राची गोष्ट म्हटली की तारामती पाहिजे. पण सिनेमात काम करायला बाई मिळेना. नाटकातसुद्धा बायकांची कामं पुरुषच करत होते. फाळक्यांनी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, नाचगाण्यावर पोट असणाऱ्या बायकांकडे जाऊन विनवलं, त्यांनीही नकार दिला. घरच्या बाईलाही त्यांनी विचारलं होतं, असं सांगतात. त्या नाही म्हणाल्या. बाकीचा पसारा बघता नवल नाही!

शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात अण्णा साळुंके नावाचा तरुण आचारी दिसला. अंगानं नाजूक, हात लांबसडक. त्याला जास्त पगार कबूल केला आणि तारामती मिळाली. म्हणजे गंमत बघा, आचारी पडद्यावर बाई झाला आणि घरची बाई मागं साठ माणसांचा स्वयंपाक करत राहिली. राणीच्या दासीही पुरुषच. त्यांना मिशा काढायला सांगितल्या तर पोरं अडून बसली, कारण बाप जिवंत असताना मिशी काढायची नाही ही रीत. वडीलधाऱ्यांची समजूत काढून मिशा उतरवल्या. सिनेमात काम करतो म्हटलं तर लोक नावं ठेवत, म्हणून 'आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत' असं सांगा, असं फाळक्यांनी नटांना बजावलं होतं. परेश मोकाशींच्या २००९ सालच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या मराठी सिनेमाचं नाव त्यावरूनच आलं. तुमच्यापैकी कितीतरी जणींनी तो टीव्हीवर पाहिला असेल. त्यात सरस्वतीबाईंचं काम विभावरी देशपांडे यांनी केलंय.

३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसाठी लागला आणि चालला. पैसा आला. फाळक्यांनी कारखाना नाशिकला हलवला आणि त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर' काढला.

या दुसऱ्या सिनेमात पहिल्यांदा खऱ्या बायका दिसल्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी झाली. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या होत्या, पदरात लेक होती. त्या काळी अशा बाईला पोट भरायला वाटा किती? त्यांनी नाटक कंपनी धरली, गावोगाव फिरल्या, लोकांनी टाकून बोललेलं सोसलं. कमला तेव्हा तेराचौदा वर्षांची. पुढं लग्न होऊन ती कमलाबाई गोखले झाली आणि म्हातारपणापर्यंत काम करत राहिली. चंद्रकांत गोखले तिचा मुलगा आणि आपल्या ओळखीचे विक्रम गोखले तिचा नातू. रीना मोहन यांनी कमलाबाईंवर एक माहितीपट केला, त्यात त्या स्वतः बोलल्या आहेत. सरस्वतीबाईंचं असं बोलणं आपल्याला ऐकायला मिळत नाही.

बायका आल्या म्हणून साळुंक्यांचं काम सुटलं नाही. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये रामही तेच आणि सीताही तेच! एकाच माणसाला दोन ठिकाणी दाखवायचं तर एकदा रामाचा तुकडा घ्यायचा, मग कपडे बदलून सीतेचा, आणि जोडताना आलटून पालटून लावायचे. बघणाऱ्याला वाटतं दोघं समोरासमोर आहेत. म्हणून म्हटलं, सगळी करामत जोडकामात. देव एकदम अदृश्य होतो तेही असंच. कॅमेरा जागचा हलवायचा नाही, दांडा थांबवायचा, नटानं बाजूला व्हायचं, पुन्हा दांडा सुरू. पडद्यावर माणूस जागच्या जागी नाहीसा. जादूचे प्रयोग केलेल्या फाळक्यांना हे चांगलं जमायचं.

१९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये बाळकृष्ण झाली फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी. त्या सिनेमाच्या सुरुवातीला या मुलीचा चेहरा जवळून दिसतो, ती नुसते हावभाव करून दाखवते, राग, हसू, रडू. मग ती कृष्ण होते. चेहऱ्यातून सगळं सांगायचं, बोलायचं काही नाही, ही मूक सिनेमाची रीत त्या पोरीत सापडते. घरातलं आणखी एक माणूस कामाला लागलं, असंही म्हणता येईल.

यापुढचं भराभर सांगते. १९२६ साली फात्मा बेगम यांनी 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला. आपल्याकडची ती पहिली स्त्री दिग्दर्शक. १९३१ ला 'आलम आरा'पासून हिंदी सिनेमा बोलू लागला. पुढच्याच वर्षी प्रभात कंपनीनं कोल्हापुरात मराठी बोलपट काढला, 'अयोध्येचा राजा'. गोष्ट परत हरिश्चंद्राचीच. पण या वेळी तारामती झाल्या दुर्गा खोटे. शिकलेल्या, चांगल्या घरच्या, दोन मुलांच्या आई. सासरचा पैसा गेला आणि घर चालवायची वेळ आली, म्हणून सिनेमात आल्या. एकोणीस वर्षांत एकाच राणीचं काम आचाऱ्याकडून बाईकडे आलं. दुर्गाबाईंसारखी बाई पडद्यावर आली म्हटल्यावर पुढच्या मुलींच्या घरच्यांचा विरोध थोडा सैल पडला.

पण पडद्यावर आल्या म्हणजे सगळीकडे आल्या असं नव्हतं. ही पुढची गोष्ट ऐकून मी स्वतः चकित झाले होते. मुंबईच्या सिनेधंद्यात मेकअप करणारा म्हणून कार्ड फक्त पुरुषाला मिळायचं. बाईनं केस विंचरावेत, अंबाडे बांधावेत, पण तोंडाला रंग पुरुषच लावणार, असा कामगार संघटनेचा नियम पन्नासहून जास्त वर्षं होता. चारू खुराना आणि इतर काही मेकअप करणाऱ्या बायका सुप्रीम कोर्टात गेल्या, आणि १० नोव्हेंबर २०१४ ला कोर्टानं हा नियम घटनेविरुद्ध ठरवला. साल पुन्हा ऐका, २०१४. पुरुषाला तारामतीची साडी नेसवल्याला तोवर शंभर वर्षं होऊन गेली होती. 'कारण काय' विचारल्यावर उत्तर असायचं की बायका या कामात आल्या तर पुरुषांच्या पोटावर पाय येईल. सरस्वतीबाईंनी सहा-सात जणांचं काम एकटीनं केलं तेव्हा कुणाच्या पोटावर पाय येत नव्हता, कारण त्यांना पगारच नव्हता.

फाळक्यांना मी कमी लेखत नाही. त्यांचं वेड नसतं तर यातलं काही झालं नसतं. पुढं भागीदारांशी पटलं नाही, मनस्ताप झाला, बोलपट आल्यावर ते मागं पडले. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकच बोलपट. १९४४ साली नाशिकला ते गेले. आज देशातला सिनेमाचा सगळ्यात मोठा पुरस्कार त्यांच्या नावानं देतात, तो योग्यच आहे. पण पुरस्काराची बातमी टीव्हीवर लागली की बिनपगारी भोकं पाडणारी बाई मला आठवते, त्याला माझा इलाज नाही.

जुन्या फिल्म जपणारं सरकारी संग्रहालय पुण्यात आहे. 'राजा हरिश्चंद्र'ची काही रिळं आणि 'कालिया मर्दन'चा बराच भाग आजही शिल्लक आहे. १९१७ साली फाळक्यांनी चित्रपट कसे तयार होतात यावर एक छोटी फिल्म काढली होती, तिचेही तुकडे आहेत, त्यात ते स्वतः काम करताना दिसतात. गटातल्या कुणाच्या मुलामुलीला मोबाइलवर शोधून द्यायला सांगा आणि पुढच्या बैठकीला दहा मिनिटं मिळून बघा. आवाज नाही, म्हणून चहा करता करता बघता येणार नाही, डोळे लावूनच बघावं लागेल. राजाराणीच्या तोंडावर ऊन कसं पडलंय ते बघा. वरून कडक ऊन असूनही जिथं डोळ्यांखाली सावली दिसत नाही, तिथं चित्राच्या बाहेर कुणीतरी पांढरी चादर धरून उभं असेल. काय दिसलं ते आम्हाला कळवा, पुढच्या कार्यक्रमात तुमची नावं घेऊन वाचू.